एका कामाला एकच खेप: सरकारी सेवेतला नागरिकाचा अनुभव कसा सुधारायचा

खासगी सेवा वाईट असली की माणूस दुसरीकडे जातो, धंदा घटतो आणि मालकाला आपोआप कळतं. सरकारी कार्यालयाला असा इशारा मिळत नाही. जन्मनोंदीची नक्कल, व्यवसाय परवाना, निवृत्तिवेतन यांसाठी जायला दुसरी जागाच नसते. कितीही त्रास झाला तरी लोक परत त्याच खिडकीशी येतात, आणि समोरची गर्दी बघून कार्यालयाला वाटतं की आपण खूप काम करतोय. त्या गर्दीतली निम्मी माणसं कालचंच अडलेलं काम घेऊन आलेली असू शकतात. मुद्दाम मोजल्याशिवाय हे दिसत नाही.

हा लेख कार्यालयप्रमुख, विभागप्रमुख आणि एखाद्या सेवेची जबाबदारी असलेल्या प्रत्येकासाठी आहे. यातलं बहुतेक काम नवी इमारत, नवं सॉफ्टवेअर किंवा वेगळा निधी नसतानाही सुरू करता येतं. बसायला खुर्च्या, प्यायला पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि नीट बोलणं या किमान गोष्टी आहेत, त्या असायलाच हव्यात. पण खुर्ची कितीही आरामाची असली तरी त्याच कामासाठी चौथ्यांदा येऊन तिच्यावर बसणाऱ्याला तिचं समाधान वाटत नाही. म्हणून माझा आग्रह एकाच आकड्यावर आहे: एका कामासाठी नागरिकाला किती खेपा माराव्या लागतात? तो एकावर आणायचा, आणि जमेल तिथे शून्यावर.

एका खेपेची खरी किंमत कार्यालयाच्या हिशेबात कुठेच नसते. बुडालेली मजुरी, घेतलेली रजा, घरी एकटं ठेवलेलं आजारी माणूस, प्रवास, आणि ‘आज तरी होईल का’ ही धाकधूक. प्रशासनाचे अभ्यासक याला प्रशासकीय ओझं म्हणतात आणि त्याचे तीन भाग करतात: माहिती शोधण्याचा खर्च, अटी पूर्ण करण्याचा खर्च आणि मनाला होणारा त्रास. हे ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही. ज्याच्याकडे वेळ, शिक्षण आणि ओळख आहे तो कसाबसा पार पडतो. ज्याला त्या सेवेची सर्वाधिक गरज आहे तोच अर्ध्यावर सोडून देतो, आणि त्याचा अर्ज आलेलाच नसल्यामुळे तो कोणत्याही अहवालात दिसत नाही.

आधी एकच सेवा निवडा

सगळं कार्यालय एकदम सुधारायला घेऊ नका. जिला मागणी जास्त आहे, जिच्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात आणि जिचे बहुतेक निर्णय तुमच्याच अधिकारात आहेत, अशी एक सेवा घ्या. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. ज्या कामात पाच विभागांच्या संमती लागतात तिथून सुरुवात केली तर पहिले सहा महिने पत्रव्यवहारातच जातील.

लोक कशासाठी आले आहेत ते आठवडाभर लिहून काढा

या टप्प्यावर घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ब्रिटिश व्यवस्थापन-विचारवंत जॉन सेडन यांनी मागणीचे दोन प्रकार मांडले. एक, ज्यासाठी सेवा अस्तित्वात आहे ती खरी मागणी: ‘मला परवाना हवा आहे.’ दुसरी, सेवेने काहीतरी केलं नाही किंवा चुकीचं केलं म्हणून निर्माण झालेली मागणी: ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’, ‘नाव चुकीचं छापलंय’, ‘मागच्या वेळी दुसऱ्या साहेबांनी वेगळाच कागद सांगितला होता’. ही दुसऱ्या प्रकारची मागणी कार्यालय स्वतःच तयार करतं आणि मग ती हाताळायला मनुष्यबळ कमी पडतं म्हणून जास्त पदं मागतं.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक खिडकीवर आणि दूरध्वनीजवळ एक कोरा तक्ता ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाची एक ओळ: तो काय म्हणाला, या कामासाठी ही कितवी खेप, आज काम झालं का, झालं नसेल तर का. पहिल्या रकान्यात माणसाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायला सांगा. ‘चौकशी’ असं लिहिलं की सगळं झाकलं जातं. ‘तीन आठवड्यांपूर्वी अर्ज दिला, कुणी काही कळवलं नाही’ असं लिहिलं की दुखणं कुठे आहे ते कळतं.

नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगा की हा तक्ता कुणाच्या कामगिरीचं मूल्यमापन करण्यासाठी नाही. हे पटलं नाही तर सगळ्यांची ‘पहिलीच खेप’ लागेल. शक्य असेल तर त्या आठवड्यात रोज एक तास तुम्ही स्वतः खिडकीमागे बसा. अधिकारी दालनात जे ऐकतात ते गाळून आलेलं असतं, आणि खिडकीवर ऐकलेलं पुढच्या बैठकीत कुणी खोडून काढू शकत नाही.

आठवड्याच्या शेवटी सगळ्या ओळी एकत्र करून गठ्ठे पाडा. बहुधा चार-पाच कारणंच पुन्हा पुन्हा दिसतील: कागद अपुरा, अर्जाची स्थिती माहीत नाही, संबंधित अधिकारी जागेवर नाही, दाखल्यात चूक, चुकीच्या कार्यालयात आले. सगळ्यात मोठा गठ्ठा आधी हाती घ्या.

पूर्ण झालेल्या फायली काढा आणि तारखा वाचा

नागरिकाची खेप बाहेरून दिसते. फायलीचा आतला प्रवास पाहायला नुकत्याच निकाली निघालेल्या वीसेक फायली घ्या. चांगल्या निवडू नका, सरसकट उचला. आवक कधी, कोणत्या टेबलावर कधी गेली, शेरा कधी पडला, सही कधी झाली, जावक कधी, आणि नागरिकाच्या हाती कधी पडली. प्रत्येक टप्प्यावर दोन आकडे मांडा: प्रत्यक्ष कामाचा वेळ आणि पडून राहण्याचा वेळ.

कामाचा वेळ मिनिटांत आणि पडून राहण्याचा वेळ आठवड्यांत येतो, तेव्हा लिपिकाला ‘जरा भरभर करा’ सांगून काही साधणार नाही हे लक्षात येतं. अर्ध्या तासाचं काम पंचवीस मिनिटांत झालं तरी तीन आठवड्यांची वाट तशीच राहते. शोध वाट पाहण्याच्या कारणांचा घ्यायचा.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे गठ्ठ्याने काम करणं. सह्या आठवड्यातून एकदाच होत असतील तर फक्त त्या एका रिवाजामुळे प्रत्येक फाइल सरासरी साडेतीन दिवस थांबते. असे तीन टप्पे असले की दहा दिवस गेले, आणि कुणीही आळस केलेला नसतो. रोज ठरलेल्या वेळी थोड्या सह्या, एवढ्या बदलाने हा वेळ मोकळा होतो.

दुसरं कारण टप्प्यांची संख्या. सहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर १०० पैकी ९५ फायली विनाअडथळा पुढे जातात असं धरा. ऐकायला चांगलं वाटतं. पण सहाही टप्पे न अडकता पार करणाऱ्या फायली सुमारे ७३ च राहतात. सव्वीस-सत्तावीस माणसांना कुठे ना कुठे परत यावं लागतं. म्हणून टप्पा सुधारण्यापेक्षा तो काढता येतो का ते आधी पाहा. ‘तपासून सादर’ असा शेरा चार जण मारत असतील तर खरं तपासलं कुणी, हा प्रश्न बैठकीत विचारा. पुष्कळदा प्रत्येकाने दुसऱ्यावर भरवसा ठेवलेला असतो.

एक नियम प्रत्येक कार्यालयप्रमुखाला तोंडपाठ हवा. अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. सरासरी लागणारा वेळ म्हणजे प्रलंबित कामं भागिले रोजचा निपटारा. तुमच्याकडे ६०० अर्ज प्रलंबित आहेत आणि रोज ३० निकाली निघतात, तर आज आलेल्या अर्जाला सरासरी कामाचे २० दिवस लागणार. फलकावर ‘७ दिवसांत’ लिहिलेलं असलं तरी २० च लागणार. आठव्या दिवशी चौकशीला येणारा माणूस या फलकाने बोलावलेला आहे. साठा कमी होईपर्यंत खरा आकडा लावा. लोक उशीर सहन करतात, चुकीची तारीख दिल्याचा राग मात्र त्यांच्या मनातून लवकर जात नाही.

कागदांची यादी कापा

अपुऱ्या कागदांमुळे होणाऱ्या खेपा कमी करायचे दोन मार्ग आहेत: लोकांना यादी नीट समजावणं, किंवा यादीच लहान करणं. दुसरा मार्ग आधी. मागितल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदाला हे प्रश्न विचारा. हा कोणत्या नियमाने मागतो, त्या नियमाचं कलम दाखवा. तो आल्यावर कोण वाचतो? त्यातल्या मजकुरामुळे निर्णय कधी बदलला आहे का? आणि ही माहिती सरकारच्याच दुसऱ्या कुठल्या नोंदीत आधीपासून आहे का?

पहिल्याच प्रश्नाला यादीतले काही कागद गळून पडतील. जुन्या लेखापरीक्षणात कुणीतरी आक्षेप घेतला, तेव्हाच्या साहेबांनी सावधगिरी म्हणून एक प्रत जादा मागायला सुरुवात केली, आणि मग तोच नियम झाला. प्रथा आणि नियम यांत फरक करणं तुमच्या अधिकारात असतं. जो नियम खरोखर आहे पण निरुपयोगी आहे, तो बदलण्याचा प्रस्ताव वर पाठवा आणि सोबत आठवडाभराच्या नोंदी जोडा. ‘लोकांना त्रास होतो’ या वाक्यापेक्षा ‘या एका कागदासाठी इतक्या लोकांना परत पाठवलं आणि त्यामुळे एकही निर्णय बदलला नाही’ हे वाक्य वरच्या टेबलावर जास्त टिकतं.

चौथा प्रश्न मोठ्या पातळीवरचा आहे. एस्टोनियाने २००१ मध्ये ‘एक्स-रोड’ ही व्यवस्था सुरू केली. तिच्यातून वेगवेगळ्या सरकारी नोंदी एकमेकांशी सुरक्षितपणे बोलतात. नागरिकाने एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागू नये, हे तत्त्व तिथे रुजलं. युरोपीय संघाने २०१८ च्या एका नियमात हेच तत्त्व सीमापार सेवांसाठी आणलं. अमेरिकेत १९८० च्या कागदोपत्री कामकाज घटवण्याच्या कायद्यामुळे दहा किंवा अधिक लोकांकडून ठरावीक स्वरूपात माहिती मागायची तर संघीय यंत्रणेला आधी मंजुरी घ्यावी लागते आणि ती भरायला किती वेळ लागेल याचा अंदाज द्यावा लागतो. तुमच्या हाती असा कायदा नसला तरी अर्जाचा वेळ मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याने तो अर्ज कधी पाहिलेला नाही अशा माणसाला भरायला बसवा आणि घड्याळ लावा.

जे कागद उरतील त्यांची यादी एकच असू दे. खिडकीवर, फलकावर, संकेतस्थळावर आणि दूरध्वनीवर वेगवेगळ्या याद्या असणं हे खेपांचं फार मोठं कारण आहे. यादीवर तारीख टाका आणि ती बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवा. ‘इतर आवश्यक कागदपत्रे’ ही ओळ यादीतून कायमची काढा. त्या ओळीमुळे कोणालाही, कधीही परत पाठवता येतं.

पत्राची भाषा

बहुतेक कार्यालयं त्रुटी कळवणारं पत्र साधारण असं पाठवतात:

‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपला संदर्भाधीन अर्ज आवश्यक कागदपत्रांअभावी त्रुटीयुक्त आढळून आला असून सदर त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत करण्यात यावी, अन्यथा अर्ज दप्तरी दाखल करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’

हे वाचून माणसाला एकच कळतं: काहीतरी बिघडलंय. कोणता कागद, किती दिवसांत, कुठे द्यायचा, न दिल्यास नेमकं काय होईल, यातलं काहीही त्यात नाही. मग तो विचारायला येतो. पत्राने एक खेप वाचवायची तर उलट एक वाढवली. आता हेच असं लिहून पाहा:

‘तुमचा अर्ज आम्हाला मिळाला आहे. त्यात जागेचा भाडेकरार जोडलेला नाही, त्यामुळे काम थांबलं आहे. भाडेकराराची प्रत १५ दिवसांत खिडकी क्रमांक २ वर द्या किंवा टपालाने पाठवा. स्वतः येण्याची गरज नाही, कुणाच्याही हाती देता येईल. प्रत मिळाल्यावर पुढच्या १० दिवसांत निर्णय कळवू. १५ दिवसांत प्रत आली नाही तर हा अर्ज बंद होईल आणि नव्याने अर्ज करावा लागेल.’

क्रम लक्षात घ्या: काय झालं, तुम्ही काय करायचं, कधीपर्यंत, कसं, आणि पुढे काय होईल. कायद्याचा संदर्भ द्यावाच लागतो, तो शेवटी द्या. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात सांगा, हा नियम लेखी करा. पहिली त्रुटी भरली की दुसरी काढणं हा नागरिकावर अन्याय आहे, मग तो अनवधानाने का होईना.

साध्या भाषेचा आग्रह जगात अनेक ठिकाणी कायद्याच्या पातळीवर गेला आहे. अमेरिकेत २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पण पत्र साधं झालं की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं. मसुदा पाच अनोळखी माणसांना वाचायला द्या, बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा: ‘आता तुम्ही काय कराल?’ दोघांनी जरी चुकीचं उत्तर दिलं तरी मसुदा परत लिहा. ‘समजलं का?’ असं विचारू नका. सरकारी माणसासमोर ‘नाही समजलं’ म्हणायला लोक संकोचतात.

खिडकी आणि रांग

दोन तास रांगेत उभं राहिल्यावर खिडकीशी पोचून ‘हा कागद नाही’ हे ऐकणं, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. म्हणून तपासणी रांगेच्या आधी ठेवा. दाराशी एक जाणकार कर्मचारी कागद पाहतो, कमी असेल तर तिथेच सांगतो आणि काय आणायचं ते छापील यादीवर खूण करून हाती देतो. इथे नवखा माणूस बसवू नका. कार्यालयातला सगळ्यात अनुभवी माणूस बसवा.

अनेक खिडक्या एकच काम करत असतील तर प्रत्येकीसमोर वेगळी रांग लावण्यापेक्षा एकच रांग किंवा एकच टोकन-क्रम ठेवा. एखाद्या किचकट प्रकरणामुळे मागचे सगळे अडकत नाहीत आणि नंतर आलेला आधी गेला हे भांडणही मिटतं. रांगांचं गणित कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतल्या ॲग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्येच मांडायला घेतलं होतं. त्यातली एक गोष्ट खिडकीवर फार उपयोगी पडते: कर्मचारी शंभर टक्के वेळ गुंतलेले राहतील असं नियोजन केलं की रांग आटोक्याबाहेर वाढते, कारण लोक एकसारख्या अंतराने येत नाहीत. थोडी सवड हा अपव्यय नाही, तीच रांग हलती ठेवते.

वेळ ठरवून येण्याची सोय चांगली, पण थेट येणाऱ्यांसाठी रोजच्या वेळेचा ठरावीक भाग राखून ठेवा. ज्याच्याकडे फोन नाही त्याला दारातून परत पाठवायचं नाही.

अनिश्चित वाट निश्चित वाटेपेक्षा लांब वाटते आणि कारण न सांगितलेला उशीर जास्त खुपतो, हे वाट पाहण्याच्या अनुभवावरच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. ‘यंत्रणा बंद आहे, साधारण पाऊण तास लागेल, थांबायचं नसेल त्यांनी अर्ज इथे ठेवून पोचपावती घेऊन जावं’ एवढं उभं राहून मोठ्याने सांगितलं तरी खोलीतला ताण उतरतो.

पोचपावतीतच पुढची उत्तरं द्या

‘माझ्या अर्जाचं काय झालं’ हा गठ्ठा जवळजवळ पूर्ण नाहीसा करता येतो. पोचपावतीवर अर्ज क्रमांकाबरोबर चार गोष्टी छापा: निर्णयाची अपेक्षित तारीख, मधले टप्पे, तोपर्यंत नागरिकाला काही करायचं आहे का, आणि तारीख उलटली तर कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याला गाठायचं. टप्पा बदलला की संदेश पाठवा. उशीर होणार असेल तर तारीख उलटण्याच्या आधी कळवा. ‘तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे’ असा संदेश पाठवून उपयोग नाही, त्यातून काहीच कळत नाही.

ऑनलाइन करण्याची घाई

वाईट प्रक्रिया ऑनलाइन केली की ती फक्त संगणकावर वाईट होते. आधी कागद कमी करा, टप्पे कमी करा, पत्रं साधी करा. मग संगणकाकडे वळा.

१ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेचं आरोग्य-विम्याचं संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह, सुरू झालं. लाखो लोक आले आणि पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. प्रचंड पैसा, अनेक कंत्राटदार, ठरलेली तारीख हे सगळं होतं. खऱ्या वापरकर्त्यांसह आधीपासून थोडं थोडं चालवून पाहणं नव्हतं. त्या अनुभवातून पुढच्याच वर्षी ‘यूएस डिजिटल सर्व्हिस’ ही सरकारच्या ऑनलाइन सेवा सुधारणारी यंत्रणा उभी राहिली. ब्रिटनने त्याआधी वेगळी वाट घेतली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ हे सरकारचं सामाईक संकेतस्थळ सुरू झालं आणि अनेक विभागांची संकेतस्थळं टप्प्याटप्प्याने एका जागी आली. ते बांधणाऱ्या चमूचं पहिलं तत्त्वच ‘वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात’ हे होतं. एका पानावर एकच प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत दिसायला साधी आहे, पण छोट्या पडद्यावर आणि अननुभवी हातांसाठी ती फार उपकारक ठरते.

तुमची सेवा ऑनलाइन गेली की ती स्वतः साध्या फोनवर, संथ जोडणीवर भरून पाहा. मध्येच जोडणी तुटली तर भरलेलं टिकतं का? माऊस न वापरता, फक्त कळफलकावर अर्ज पूर्ण होतो का? न दिसणाऱ्या व्यक्तीचं वाचक-सॉफ्टवेअर प्रत्येक रकान्याचं नाव वाचतं का? अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ असावा, हा आंतरराष्ट्रीय निकष आहे. चूक झाल्यावर ‘अवैध माहिती’ एवढंच दिसतं, की कोणत्या रकान्यात काय लिहायचं ते दिसतं? आणि खिडकी बंद करू नका. ऑनलाइन गेलेल्यांमुळे रांग कमी झाली की मोकळा झालेला वेळ ज्यांना मदतीची गरज आहे त्यांना द्या.

स्वयंचलित निर्णयांबद्दल विशेष सावध राहा. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून कल्याणकारी भत्ते घेणाऱ्यांच्या वार्षिक उत्पन्नाची सरासरी काढून संगणकाने वसुलीच्या नोटिसा पाठवायला सुरुवात केली. आपण देणं लागत नाही हे सिद्ध करण्याचा भार नागरिकावर आला. ही पद्धत बेकायदेशीर ठरली, लोकांचे पैसे परत करावे लागले, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनने, म्हणजे उच्चस्तरीय चौकशी आयोगाने, आपल्या अहवालात तिच्यावर अत्यंत कठोर टीका केली. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यात हजारो कुटुंबांना चुकीने फसवणूक करणारं ठरवलं गेलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून सरकारने राजीनामा दिला. संगणकाने माणसाविरुद्ध निर्णय दिला तर तो पाठवण्यापूर्वी एका जबाबदार माणसाने वाचला पाहिजे. यात सवलत नको.

खिडकीमागच्या माणसाला अधिकार द्या

सौजन्याचं प्रशिक्षण पुष्कळ दिलं जातं. पण ज्याच्या हातात काहीच ठरवण्याचा अधिकार नाही तो कितीही गोड बोलला तरी शेवटी ‘साहेबांना विचारावं लागेल’ असंच म्हणणार. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांसोबत बसून यादी करा: कोणते निर्णय तिथल्या तिथे होऊ शकतात? नावातली स्पष्ट टंकलेखनाची चूक, मुदत थोडी वाढवणं, पर्यायी पुरावा स्वीकारणं. हे अधिकार लेखी द्या आणि चांगल्या हेतूने घेतलेला निर्णय चुकला तर तुम्ही पाठीशी उभे राहाल हेही लिहून द्या. नाही म्हणणं हा कर्मचाऱ्यासाठी नेहमी सुरक्षित मार्ग असतो. होय म्हणणंही तितकंच सुरक्षित करणं हे वरिष्ठाचं काम आहे.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं उभ्याने भेटा. एकच प्रश्न: या आठवड्यात कुणाला परत पाठवावं लागलं आणि का? अडचण सोडवण्याची जबाबदारी एका नावावर टाका आणि पुढच्या आठवड्यात आधी तिच्याबद्दल विचारा.

मोजताना घ्यायची काळजी

ब्रिटनमध्ये डॉक्टरांनी रुग्णाला ४८ तासांत भेटीची वेळ द्यावी असं उद्दिष्ट ठरलं होतं. ते गाठण्यासाठी अनेक दवाखान्यांनी दोन दिवसांपुढची वेळ देणंच बंद केलं. पुढच्या आठवड्याची वेळ हवी असणाऱ्यांना ती मिळेना. २००५ च्या निवडणुकीत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना दूरचित्रवाणीवर एका मतदार महिलेने हे ऐकवलं तेव्हा त्यांना त्याची कल्पनाच नव्हती. आकडा पूर्ण झाला होता, सेवा बिघडली होती. म्हणून आकडे शिकण्यासाठी वापरा, शिक्षेसाठी वापरलेत की ते खोटे होतात.

मोजायच्या गोष्टी थोड्याच ठेवा. एका कामामागे खेपा. पहिल्याच अर्जात पूर्ण झालेल्यांचं प्रमाण. अर्ज देण्यापासून हातात निकाल पडेपर्यंतचे दिवस, आणि इथे सरासरीवर थांबू नका: १०० अर्ज दिवसांच्या क्रमाने लावा आणि नव्वदाव्याला किती दिवस लागले ते पाहा. सरासरी १२ दिवसांची असताना नव्वदावा ६० वर असू शकतो, आणि तुमच्या कार्यालयाची ओळख त्या शेवटच्या दहा जणांच्या तोंडून गावभर होते. चौथी गोष्ट म्हणजे सुरू करून अर्धवट सोडलेले अर्ज.

समाधानाचा अभिप्राय खिडकीवर घेऊ नका. ज्याच्या हातात आपली फाइल आहे त्याच्यासमोर कोण खरं बोलेल? काम झाल्यावर काही दिवसांनी, खिडकीशी संबंध नसलेल्या माणसाने फोन करावा आणि तीनच प्रश्न विचारावेत: किती वेळा यावं लागलं, कुठे अडलं, कुणा मध्यस्थाची मदत घ्यावी लागली का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काळजीपूर्वक वाचा. लोक दलालाला पैसे देतात ते मुख्यतः कोणता कागद लागतो आणि कुणाला भेटायचं ही माहिती विकत घेण्यासाठी. ती माहिती तुम्ही फुकट आणि अचूक दिली की दलालाची गरज बरीच ओसरते. अर्ज नाकारला गेला त्यांनाही फोन करा. नकार मिळूनही ‘कारण कळलं आणि अपील कुठे करायचं ते सांगितलं’ असं ते म्हणाले तर सेवा चांगली आहे.

ब्रिटनच्या १९९१ च्या ‘सिटिझन्स चार्टर’नंतर, म्हणजे नागरिकांच्या सनदेनंतर, अनेक देशांत सेवांच्या मुदतीचे फलक लागले. मुदत चुकल्यावर काय होईल हे जिथे लिहिलेलं नाही तिथे ते फलक भिंतीवरच राहिले. तुमच्या फलकावर ती ओळ असू द्या: मुदत टळली तर अर्ज आपोआप कोणत्या अधिकाऱ्यासमोर जाईल आणि नागरिकाला किती दिवसांत लेखी खुलासा मिळेल.

तीन महिन्यांनी

तोच तक्ता पुन्हा आठवडाभर भरा आणि पहिल्या आठवड्याच्या शेजारी ठेवा. ज्या कारणाचा गठ्ठा घटला नाही त्यावरचा उपाय मागे घ्या, दुसरा करून पाहा. ज्याचा घटला त्याची पद्धत लिहून ठेवा, कारण बदली झाली की नवा अधिकारी जुन्या वळणावर जाण्याची शक्यता मोठी असते. पुढची सेवा हाती घेण्यापूर्वी एक कार्यालयीन आदेश काढा: यापुढे कोणताही नवा कागद, नवी सही किंवा नवा रकाना जोडायचा असेल तर तो मागणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम, नियमाचं कलम आणि एक वर्षानंतरची तारीख सोबत लिहायची. त्या तारखेला गरज नव्याने सिद्ध झाली नाही, तर तो रकाना अर्जातून काढला जाईल.